पगडबंदाच्या पोटातली टाचणी

धनाजीराव साबळ्यांचा आवाज गिऱ्हाइकांना फारसा ठाऊक नव्हता. माणूस मुका नव्हता. घरी बायकोशी बोलत, थोरल्या बहिणीशी भांडत, आणि चहा पाणचट झाला तर चार शब्द ऐकवतही. पण गिऱ्हाइकाशी गाठ पडायची ती दुकानात, आणि दुकानात त्यांच्या ओठांत टाचण्या असत. टोकं आत, डोकी बाहेर, एका ओळीत धरलेल्या. मांडवीजवळच्या त्या अरुंद गाळ्यात लाकडी साच्यावर तलम कापडाचा पीळ देत देत पगडी चढायची. प्रत्येक वळणाला ओठांतली एक टाचणी निघायची, कापडात शिरायची, मागून सुईदोरा आला की परत निघून ओठांत जायची. बडोद्यातल्या जुन्या मंडळींना हे माहीत होतं. पगडबंदाच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याला काही विचारायचं नाही. नवखा कोणी बोलू लागला तर शेजारचा त्याला गप्प करी, "टाचण्या आहेत, थांबा जरा."

साबळे मूळचे पगडबंद नव्हेत. आजा गायकवाडांच्या पागेबरोबर घोड्यावर बसून आला. बापही बारगीरच, पण घोडं अंगावर पडून त्याचा पाय कायमचा आखडला. मग पागेतल्या लोकांची पागोटी बांधून दे, कुणाची पगडी नीट करून दे, असं करता करता त्याच्या हाताला ते वळण लागलं. भाऊबंद हसले. साबळ्यांनी तलवार टाकली आणि सुई धरली, म्हणाले. बाप म्हणाला, "तलवार डोकी उतरवते. मी डोक्यावर चढवतो. कुणाचं काम मोठं, तुम्हीच सांगा."

धनाजीरावांना बापाचा हात मिळाला आणि बापाची शिस्तही. सरदार-मानकऱ्यांपुढे कसं उभं राहायचं, मुजरा किती वाकून करायचा, हे पोरपणी छडीनं शिकवलेलं होतं. थोरामोठ्यांनी काही म्हटलं तर नुसती मान हलवायची नाही, हा त्यातला पहिला धडा. "मान बैल हलवतो," बाप म्हणे. "माणसानं 'जी' म्हणावं."

ते साल जर्मन लढाई संपल्यानंतरचं. गायकवाड महाराज बरेचदा विलायतेला असत, पण त्या वर्षी दसऱ्याला बडोद्यात असणार अशी बातमी होती. स्वारी निघणार, दरबार भरणार. जो तो पेटीतून जुनी पगडी काढून बघू लागला, तर कुणाच्या पगडीला कसर लागलेली, कुणाचं डोकंच वाढलेलं. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि नेमके याच दिवसांत धनाजीरावांचे उपास असत.

उपास साधे नव्हते. दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. मग अहल्या झाली, आणि तीही सहा महिन्यांची असताना तापानं निपचित पडली. तेव्हा धनाजीरावांनी तुळजाभवानीला नवस बोलला होता. पोर राहू दे, तिचं लग्न होईपर्यंत नवरात्राचे नऊ दिवस मी अन्नाला शिवणार नाही. दोन वेळा पेलाभर दूध, बस. फराळाचं शाकसुद्धा नाही. पोर राहिली. आता आठ वर्षांची होऊन घरभर नाचत होती. तिचा एकेक वाढदिवस हा आपल्या उपाशी पोटातून निघालेला आहे, असं धनाजीरावांना मनापासून वाटे.

तिसऱ्या माळेच्या दुपारी मानसिंगराव आले. वय झालेले सरदार; पूर्वी घोड्यावर येत, आता बग्गीतून उतरायलाही दोन माणसं लागत. त्यांना गादीवर बसवून धनाजीरावांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि मागची बाजू नीट बसते का ते बघत टाचण्या ओठांत धरल्या. म्हाताऱ्यानं आरसा हातात घेतला. डोकं इकडून तिकडून वळवलं. मग आरशातूनच मागे बघत म्हणाला,

"धनाजी, तुझ्या बापाच्या हातची पगडी मी पहिल्यांदा घातली ना, तर आमच्या आईसाहेबांनी माझी दृष्ट काढली होती. तसा हात पुन्हा झाला नाही. पण तुझ्या हाताला तेच वळण आलंय हो."

गेलेल्या बापाचं नाव सरदाराच्या तोंडी यावं, तेही अशा प्रेमानं. अशा वेळी मान हलवून चालत नाही. धनाजीरावांच्या हाडात बसलेला तो शब्द आपोआप वर आला.

"जी, सरकार."

बोलायच्या आधी माणूस श्वास आत ओढतो, तेवढाच ओढला. ओठांच्या कडेची टाचणी सुटली. जिभेच्या मुळाशी टचकन काहीतरी लागलं, तोंडात लाळ भरली आणि ती लाळ गिळली गेली. घशातून खाली, छातीच्या मधोमध एक बारीक रेघ उतरत गेली. मग काहीच नाही.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मानसिंगरावांनी ते आरशात पाहिलं. त्यांनी हात मागे करून धनाजीरावांचा दंड थोपटला.

"रडू नकोस, बाळा. बाप सगळ्यांचेच जातात."

धनाजीरावांनी उरलेल्या टाचण्या हळूच उशीत खोचल्या, पगडी पुरी केली, बग्गीपर्यंत जाऊन मुजरा केला. वाकताना पोटात काय होईल या धास्तीनं कानशिलं तापली होती. बग्गी वळली तसे ते आत आले, जाजम झटकलं, गादी उलटी केली, गुडघ्यावर बसून फटीफटीतून बोट फिरवलं. टाचणी सापडावी म्हणून नव्हे. ती कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी शोधली.

घरी ते चालत गेले, पण डोक्यावर भरलेली घागर असावी तसे. रस्त्यात कुणी "केम छो धनाजीभाई" म्हटलं तर हात वर करून पुढे. ओट्यावर बसताना दोन्ही हातांनी खांब धरला.

कमळाबाई, त्यांची बायको, चुलीशी होती. "लवकर आलात?" म्हणत वळली आणि चेहरा बघून उभीच राहिली.

"काय झालं?"

"टाचणी गेली."

"कुठं गेली?"

त्यांनी पोटावर बोट ठेवलं.

हातातला चिमटा तिनं आवाज न करता खाली ठेवला. जणू मोठा आवाज झाला तर ती टाचणी आत हलेल.

रखमाबाई मात्र आवाजाला कधी भीत नसत. धनाजीरावांची ही थोरली विधवा बहीण याच घरात असे, आणि सगळे त्यांना आक्का म्हणत. देवघरातून घटावर पाणी शिंपडून त्या बाहेर आल्या, ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तरी सांगत होते, तोंड आहे का पेटी आहे ती! बापानं गिळली नाही कधी एक, आणि तू..."

"आक्का, आता ते राहू दे."

"राहू दे कसं? खाली काढायला नको? एरंडेल घे. मोठा पेला भरून, कोमट दुधातून. सकाळपर्यंत सगळं साफ."

तोवर शेजारच्या मणिबेन बारीच्या गजांतून डोकावल्या होत्या. त्या घरी गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन परत आल्या. काळा, घोड्याच्या नालासारखा तुकडा.

"लोहचुंबक छे, भाभी. अमारा काकाना घेर घडियाळना कामनुं. पोटावर फिरवा, वरती खेची लेशे."

"अहो मणिबेन," रखमाआक्का म्हणाल्या, "टाचणी पितळेची आहे. पितळेला काय खेचतंय तुमचं चुंबक? आणि वर खेचली तर बाहेर कुठून येईल, बेंबीतून?"

मणिबेन खट्टू होऊन तो तुकडा परत पदराखाली घेऊ लागल्या. अहल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आबा, आता तुमच्या पोटात पगडी होणार का?"

कुणी हसलं नाही. पोर हिरमुसून आत गेली.

कमळाबाईनं डोक्यावर पदर घेतला. "उठा. दवाखान्यात जायचं."

"अगं, एरंडेल घेऊन बघू आधी. आक्का म्हणते ते..."

"माझी दोन पोरं घरच्या औषधांनी गेली," ती म्हणाली. आवाज वाढवला नव्हता. "आता घरचं औषध नको."

धनाजीराव खांब धरून उठले.

दवाखान्यातले डॉक्टर भास्करराव ब्राह्मण मंडळींतले, सडपातळ, तिरकस बोलणारे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला, आणि नव्यानं आलेल्या यंत्रापुढे धनाजीरावांना उघड्या अंगानं उभं केलं. अंधारी खोली, भुंग्यासारखा आवाज, श्वास धरायचा हुकूम. मग बाहेर बाकावर बसून राहणं. कमळाबाई दाराशी उभी होती, बसत नव्हती.

डॉक्टरांनी काच उजेडाकडे धरली. राखाडी धुक्यात फासळ्यांच्या कमानी होत्या. त्यांच्या खाली, डावीकडे, कुणी नखानं ओरखडा काढावा तशी एक पांढरी रेघ. रेघेच्या टोकाला बारका ठिपका.

"ही तुमची टाचणी. हा तिचा माथा. जठरात आहे."

धनाजीरावांनी स्वतःच्या आतला तो धूसर देखावा पाहिला. माणसानं मेल्यावर दिसायच्या गोष्टी आपण जिवंतपणी पाहिल्या असं त्यांना वाटलं.

"कापणार, साहेब?"

"आत्ता नाही. ऐका. तुम्हीही ऐका, बाई." आजकाल घशातून नळी घालून असल्या वस्तू काढतात, तेव्हा बडोद्यात ती सोय नव्हती. सुरी किंवा वाट पाहणं, एवढंच. डॉक्टर सावकाश सांगत होते. "आतडं आपल्यापेक्षा शहाणं असतं. टोक टोचलं की ते तेवढंच अंग आखडून घेतं, मग टाचणी हळूहळू फिरते. माथा पुढं, टोक मागं. तशी ती निघून जाते, बऱ्याचदा. पण आतड्याला सवड हवी आणि भरलेलं पोट हवं. मऊ, जाड, भरपूर खायचं. उकडलेले बटाटे, रताळी, केळी, लापशी, खिचडी. टाचणी त्या अन्नात गुंडाळली गेली पाहिजे. रिकाम्या पोटात ती भिंतीवर घासत बसेल. कळलं?"

"जी."

"जुलाब घ्यायचा नाही. एरंडेल नाही, मीठपाण्यानं ओकारी काढायची नाही. जुलाबानं आतडं पिळवटतं, आणि पिळवटलेल्या आतड्यात उघडी टाचणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही कापडातून टाचणी आरपार घालणारे. कळलं?"

"जी."

"रोज परसाकडं भांड्यावर बसायचं आणि काठीनं तपासायचं. लाज धरू नका. आणि एका जागी ठसठसणारं दुखणं, ताप, ओकाऱ्या, काळा मळ, पोट लाकडासारखं कडक, यातलं काहीही झालं तर असाल तसे इथं यायचं. मग कापावं लागेल, आणि उशीर झाला तर कापूनही उपयोग नाही."

"जी, साहेब."

तीनदा 'जी' म्हणाले. नवरात्राचा शब्दही काढला नाही.

टांग्यात कमळाबाई म्हणाली, "डॉक्टरांना बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"तुम्ही खाणार नाही हे."

धनाजीराव टांग्याच्या हिसक्यांत पोट सावरत बसले होते. ते म्हणाले, "औषधानं उपास मोडत नाही. एरंडेल हे औषध आहे. रताळं अन्न आहे."

"डॉक्टरांनी एरंडेलाला नको म्हटलं."

"डॉक्टरांच्या पोरीसाठी मी नवस बोललेलो नाही, कमळे."

तिला कळलं. या माणसाला टाचणीची भीती होती, पण तिच्याहून मोठी भीती होती ती घासाची. एक घास खाल्ला की अहल्या जाईल. आठ वर्षं त्यांनी ती पोर उपासाच्या दोरीवर धरून ठेवली होती, आणि आता कुणीतरी त्यांना दोरी सोडा म्हणत होतं.

घरी येईपर्यंत रखमाआक्कांनी एरंडेल तयार ठेवलं होतं. कोमट दूध, वर पिवळट तवंग, सुंठीचा वास. त्यांनीही बिचाऱ्यांनी भावाच्या जिवासाठीच ते केलं होतं. धनाजीरावांनी पेल्याकडे पाहिलं. नवस मोडत नव्हता, टाचणी निघत होती, दोन्ही गोष्टी त्या एका पेल्यात होत्या. त्यांनी हात पुढे केला.

कमळाबाईनं पेला मधल्यामधे उचलला आणि बारीतून बाहेर ओतला.

"अगं ए!" आक्का ओरडल्या. "शंभर रोगांचं औषध ते, रस्त्यावर ओततेस?"

"वन्सं, त्यानं आतडं पिळवटतं."

"मग काय, त्यानं नवस मोडायचा? देवीच्या माळा चालू असताना? पोरीचं काही झालं तर? तिच्या अंगात आत्ता कुठं मांस धरलंय!"

अहल्या तिथंच होती. आईनं तिला मणिबेनकडे पाठवलं. पोर गेल्यावर ती देवघरात गेली. घटाच्या मातीतून गव्हाचे पांढुरके अंकुर वर आले होते, समई शांत जळत होती. तिनं तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं.

"काय करतेस?" धनाजीराव दारात आले.

"तुमचा उपास मी घेतेय."

"असा घेता येत नाही. नवस माझा."

"पोर कुणाची?"

धनाजीराव उंबऱ्यातच थांबले.

"तुम्ही नवस बोललात तेव्हा मी काय करत होते? मी तिला अंगावर पाजत होते. ताप आला तेव्हा मांडीवर माझ्याच होती. देवीला तुमचं पोट ओळखू येतं आणि माझं येत नाही?"

"कमळे, भलतं बोलू नकोस," आक्का मागून म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर नव्हता. "नवऱ्याचा नवस बायकोनं घेतला असं मी तरी ऐकलं नाही."

"मग आज ऐका. नवरा अंथरुणाला खिळला तर पूजा कोण करतं? बायको. वारीला जायचं जमलं नाही तर कोण जातं? बायको किंवा भाऊ. उपास तेवढा जागेवरून हलत नाही होय?"

 कमळाबाईनं घटाकडे तोंड करून सांगितलं, "आई, यांचं पोट जायबंदी झालंय. आजपासून दसऱ्यापर्यंत अन्न मी टाकलं. पोर आपली आहे, हिशेब माझ्याकडून घे." आणि तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडलं.  तिलाही ठाऊक नव्हतं, देवीनं हे मान्य केलं की नाही.

मग ती उठली, रताळी उकडली, तूप घालून कुस्करली आणि पाट मांडला.

धनाजीराव त्या पहिल्या घासाशी किती वेळ बसले होते! घास तोंडाशी नेत, दाराकडे बघत, परत ताटात ठेवत. शेवटी खाल्ला तेव्हा डोळे मिटून घेतले, जसं कुणी विहिरीत उडी मारतो. घास उतरला. मणिबेनच्या अंगणातून अहल्येचं भांडण ऐकू आलं, "माझी टाळी होती, तुझी नव्हती!" त्यांनी डोळे उघडले आणि दुसरा घास घेतला.

पुढचे दिवस घर एका पोटाभोवती जगलं. हिंचक्यावर बसून झोके घेणं बंद. शिंक आली की सगळे थांबत. सकाळी परसात काठी, भांडं, पाणी, आणि परत येणाऱ्या धनाजीरावांचा चेहरा. त्यांनी काही बोलायच्या आधीच घरातल्या बायकांना कळे. नाही.

गाळ्यावर ते जात, कारण दसरा कुणासाठी थांबत नाही. टाचण्या आता मांडीवरच्या उशीत होत्या. दर वळणाला हात ओठांकडे जाई आणि रिकामा परत येई. काम निम्म्यानं मंदावलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "धनाजीराव, आज तोंड मोकळं दिसतंय, चला, गप्पा मारू." त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उगाच पानाच्या दुकानाकडे निघून गेला.

घरी कमळाबाई दुधावर होती. दळणकांडण, पाणी भरणं, घटाची माळ, सगळं तसंच चालू. फक्त उठताना भिंतीला हात लागे.

पाचव्या माळेच्या संध्याकाळी पोळात, दारापुढच्या गल्लीत, गरबा रंगला होता. ढोलाच्या तालावर अहल्या मणिबेनच्या पोरींबरोबर फेर धरत होती. धनाजीराव जेवायला बसलेले. खिचडीचे दोन घास झाले, आणि पोर धावत आत आली, धापा टाकत, आणि येऊन त्यांच्या पाठीवर पडली. तिचं कपाळ त्यांच्या मानेला लागलं.

तापलेलं होतं.

त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी तिचं कपाळ चाचपलं, गळा चाचपला. छातीतली धडधड हाताला लागत होती. त्यांनी ताट सारलं.

"कमळे. हिला ताप आहे."

"नाचून आलीय ती."

"ताप आहे म्हणतो मी! मी खाल्लं म्हणून..."  तोंडातला घास त्यांनी बोटांनी बाहेर काढला. आणि त्याच वेळी उजव्या कुशीत, खाली, काहीतरी टोचलं. एकदा. मग पुन्हा, त्याच जागी.

आक्का देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. 

कमळाबाईलाही भीती वाटलीच. तिनं पोरीला ओढून समोर बसवलं, पदरानं घाम पुसला. उपासानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तरी ती लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. अहल्येला मात्र या कशातलं काही कळत नव्हतं. समोर भरलेलं ताट होतं. तिनं ते ओढून घेतलं आणि खिचडी खाऊ लागली. भराभर, तूप कोपरापर्यंत ओघळेस्तोवर. मग लोणचं मागितलं. मग म्हणाली, "अजून आहे का?"

कमळाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. "ताप आलेली पोर अशी खाते?"

"नाही खात," आक्काच म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन पोरीच्या कपाळाला पालथा हात लावला. "निवलीय. धन्या, हात लाव. निवलीय म्हणते ना!"

त्यांनी हात लावला. निवली होती. पण कुशीतलं टोचणं गेलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी दुसरी काच काढली. रेघ आता उजवीकडे खाली होती, तिरकी.

"इथं लहान आतडं मोठ्याला मिळतं. अरुंद दार असतं. तिथं अडलीय. रात्री जेवलात?"

"दोन घास," कमळाबाई बाहेरून म्हणाली. आत येऊन तिनं नवस, उपास, सगळं सांगून टाकलं. धनाजीराव जमिनीकडे बघत होते.

डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. काच खाली ठेवून म्हणाले, "धनाजीराव, मला तुमच्या देवीतलं काही सांगता येणार नाही. पोटातलं सांगतो. ताप नाही, पोट मऊ आहे. अजून दोन दिवस देतो. पोटभर खाऊन. टोचणं वाढलं, पोट कडक झालं, की मी कापणार, आणि तेव्हा बाईंना विचारत बसणार नाही. आणि बाई, तुम्ही काय चालवलंय? उभ्या आहात त्या दाराला धरून."

"मी बरी आहे, साहेब."

"हो, दिसतंय."

त्या दोन दिवसांत धनाजीराव जेवले. भीतभीत, पण पानातलं सगळं. केळी, लापशी, बटाट्याचं शाक. मणिबेन रोज काहीतरी पाठवत, "भाईने कहो, खाय, खाय." दर जेवणाआधी ते अहल्येला समोर बसवत आणि तिच्या तोंडाकडे बघत घास घेत. पोर कंटाळे. "आबा, मी काय देव आहे का, एवढं बघताय?" कुशीतलं टोचणं कधी असे, कधी नसे. नसलं की जास्त भीती वाटे. आरपार गेली का? डॉक्टर म्हणाले होते, आरपार गेली की काही वेळ दुखणं थांबतंसुद्धा. पोट कडक झालं का हे बघायला ते इतक्यांदा दाबत की कातडी हुळहुळी झाली. गाळ्यात कुणाच्या पगडीत टाचणी खोचताना, कापडातून टोक पलीकडं निघालेलं दिसलं, की हात थांबे.

आठव्या माळेच्या सकाळी परसातून काठी पडल्याचा आवाज आला.

कमळाबाई धावली, म्हणजे धावायला गेली आणि दाराच्या चौकटीशी खालीच बसली. आक्का पुढे गेल्या. धनाजीराव भांड्यापाशी उकिडवे होते. काठीच्या टोकाला, काळवंडलेली, जराशी वाकलेली, ती होती.

"आली," ते म्हणाले. "आक्का, आली बघ."

आक्कांनी नाकाला पदर लावला आणि रडायला सुरुवात केली. "धू ती. डॉक्टरला दाखव. आणि मग विहिरीत नाहीतर कुठं तरी टाक, माझ्या डोळ्यांपुढं नको."

डॉक्टरांनी टाचणी हातात घेऊन फिरवून पाहिली, पोट पुन्हा एकदा सगळीकडून दाबलं. "सुटलात. चार दिवस हलकं खा. आणि यापुढं तोंडात टाचणी धरलेली दिसली तर मीच येऊन कानफटात देईन." पोळात बातमी पसरली. मणिबेननं गूळ वाटला. कुणी म्हणालं देवीनं राखलं, कुणी म्हणालं रताळ्यांनी.

दुपारी घर शांत झालं. अहल्या जेवून चटईवर झोपली होती. कमळाबाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी दुधाचा रिकामा पेला. दुकानात लोक खोळंबले असणार. दसरा दोन दिवसांवर आला होता. धनाजीरावांनी अंगरखा चढवला, दाराशी गेले, आणि तिथून परत आले. लेकीच्या उशाशी बसले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं.

"काय करताय?" कमळाबाईनं विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"आहे ना?"

"आहे."

"मग जा दुकानात. मी आहे इथं."

"जातो," ते म्हणाले.

पण बोट त्यांनी काढलं नाही. कोमट श्वास येत होता, जात होता. ते स्वतः जेवले होते, पोट भरून, पाच दिवस. आणि समोर ही बाई दुधावर बसली होती, डोळे खोल गेलेली. देवीनं कुणाचा उपास धरला असेल, कुणाचं जेवण लिहून ठेवलं असेल, कोण सांगणार? अजून एक माळ बाकी होती. त्यांनी अंगरख्याचे बंद सोडले आणि मांडी घालून तिथंच बसून राहिले.